खरं केशर कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमचं घर आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मी घरूनच श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. पाडवा जवळ आला की निम्मे फोन श्रीखंडासाठी येतात आणि निम्मे केशरासाठी. "काकू, सियागंजातून डबी आणलीय, खरी आहे का बघून द्याल?" असं विचारत कुणी ना कुणी दारात उभं असतं. तेच ते प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की उत्तरं एकदा नीट लिहून काढायची ठरवली. महागामोलाची वस्तू आहे. देवाच्या नैवेद्याला, बाळंतिणीच्या दुधाला, लग्नाच्या पंगतीला जाते. तिच्यात कुणाची फसगत झाली की मला मनापासून वाईट वाटतं.

केशर म्हणजे फुलाचा नेमका कोणता भाग?

हे आधी समजून घ्या, कारण ओळख पटते ती यावरूनच. केशराचं फूल जांभळं असतं. त्याच्या पोटातून एक पिवळसर दांडी वर येते आणि तिला तीन लाल फाटे फुटतात. हे तीन फाटे, म्हणजे फुलाची कुक्षी, वाळवले की केशर तयार होतं. एका फुलात फक्त तीन. एक ग्रॅम सुकं केशर गोळा व्हायला साधारण दीडशे फुलं लागतात, आणि ती सगळी हातानं, पहाटे, ऊन चढायच्या आत खुडावी लागतात. त्याच दिवशी लाल फाटे वेगळे करायचे, वाळवायचे. काश्मिरात हा सगळा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. पुलवामा जिल्ह्यातल्या पांपोरची केशराची रानं प्रसिद्ध आहेत. बडगाम, श्रीनगर आणि तिकडे किश्तवाडलाही केशर होतं.

भाव का चढा असतो ते यावरून कळेल. आणि भेसळ का होते तेही.

घरी ओळखायची सगळ्यात भरवशाची रीत कोणती?

रंगाआधी काडीचा आकार बघा. रंग कशालाही चढवता येतो, आकार बनवता येत नाही.

पांढरी शुभ्र बशी घ्या. तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घाला आणि डबीतल्या चार-पाच काड्या निरनिराळ्या थरांतून काढून सोडा. वरच्याच उचलू नका. मग दहा-पंधरा मिनिटं बशीला हात लावू नका, पण बघत राहा. खऱ्या काडीच्या कडेनं हळूहळू पिवळी रेघ सुटते, उदबत्तीचा धूर वर जातो तशी पाण्यात पसरते. पाणी सोनेरी होत जातं आणि काडी मात्र लालच राहते. पंधरा मिनिटांनी ती पाण्यानं फुगलेली असते. आता टाचणीच्या टोकानं ती बशीत सरळ करा आणि भिंगातून बघा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. एक टोक दोऱ्यासारखं बारीक, आणि दुसरं टोक तुतारीच्या तोंडासारखं रुंद उघडलेलं, काठाला अगदी बारीक दाते. ही तुतारी दिसली म्हणजे ती केशराच्याच फुलातली काडी आहे. मक्याच्या केसाला, नारळाच्या शेंडीला, कागदाच्या कातरणाला ती येणार नाही.

वाळवताना, डबीत भरताना काही काड्या तुटतात, त्यामुळे चारांपैकी एकीला तुतारी दिसली नाही तर लगेच शंका घेऊ नका. एकीलाही दिसली नाही तर मात्र शंका घ्या.

यानंतर जीभ. एक काडी दाढेखाली धरून चावा. खरं केशर चवीला कडवट लागतं आणि मागाहून तोंडात त्याचा वास भरतो. गोड लागलं तर साखर किंवा मध चोळलेला आहे. काहीच लागलं नाही तर पुढचे दोन प्रश्न जरूर वाचा.

पाणी पिवळं झालं म्हणजे खरं, असंच सगळे सांगतात ना?

सांगतात, आणि इथंच लोक फसतात. पाणी क्षणात लालभडक झालं आणि काडी पांढरी पडली, तर ते नकली, यात वाद नाही. पण पाणी पिवळं झालं म्हणून ते केशरच, असं म्हणता येत नाही. करडईच्या पाकळ्यासुद्धा पाण्याला पिवळा रंग देतात. मिठाईत घालतात तो टार्ट्राझिन नावाचा रंग तर लिंबासारखा पिवळाच असतो. तो चढवलेली काडी पाण्यात टाकली की बघणाऱ्याला वाटतं, झालं, परीक्षा पास.

वेगाकडे लक्ष द्या. चढवलेला रंग पाणी लागताक्षणी ढगासारखा सुटतो. केशराचा रंग काडीच्या आतून येतो, म्हणून वेळ घेतो. आणि तीच काडी उचलून दुसऱ्या बशीत नवं पाणी घालून ठेवली, तर खरी काडी पुन्हा रंग देते, तिसऱ्यांदाही थोडा देते. नकली काडी पहिल्याच पाण्यात रिकामी होते.

भेसळ नेमकी कशाची करतात?

आपल्या इंदूरच्या माणसाला पहिली भेसळ लगेच कळेल. पावसाळ्यात घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊ बाजारात तर रोज होतो. भुट्टा सोलताना जे रेशमी केस आपण ओंजळी भरभरून फेकून देतो, तेच रंगवून, वाळवून, कापून केशर म्हणून खपवतात. हाताला ते सरळसोट लागतात, दोन्ही टोकं सारखी. पाण्यात रंग गेला की फिकट, पारदर्शक दोरा उरतो.

दुसरी करडई. आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या पाहुण्यांना करडईचं तेल माहीत असतं, त्याच झाडाचं नारिंगी फूल. त्याच्या पाकळ्या केशरात मिसळतात किंवा नुसत्याच विकतात. पाण्यात भिजवल्या की त्या बारीक नळीसारख्या दिसतात आणि टोकाला पाच चिरट्या पाकळ्या सुटतात. रंग लालपेक्षा नारिंगीकडे झुकतो आणि केशराचा वास अजिबात नसतो. झेंडूच्या चिरलेल्या पाकळ्याही घालतात, पण त्या पाण्यात चपट्या होऊन लगेच उघड्या पडतात.

तिसरा प्रकार पकडायला अवघड, म्हणून जास्त सांगते. खऱ्याच केशराचा रंग आणि अर्क आधी काढून घेतात आणि उरलेल्या चोथ्याला पुन्हा रंग देऊन विकतात. याच्यात तुतारी दिसते, कारण काडी केशराचीच असते. पाणीही रंगतं. पण चावली तर कडूपणा नाही, वास नाही. म्हणून आकार, रंग उतरायची चाल आणि कडवट चव, या तिन्ही खुणा पटल्याशिवाय मी कुठल्याच डबीला खरी म्हणत नाही.

चौथी लबाडी वजनाची. केशर खरंच असतं, पण वजन वाढवायला त्याला तेल, ग्लिसरीन किंवा मध चोळलेला असतो. अशा काड्या चमकतात आणि एकमेकींना चिकटून राहतात. पांढऱ्या कोऱ्या कागदात दोन-चार काड्या ठेवून बोटानं दाबा, तेल असेल तर कागदावर पारदर्शक डाग उठतो. चांगलं सुकं केशर मॅट दिसतं आणि चिमटीत धरून चुरलं की कुरकुरीत तुटतं. लाल काड्यांबरोबर पिवळी दांडी आणि फुलातले पिवळे पुंकेसर जास्त घालणं हाही वजनाचाच प्रकार.

तुम्ही स्वतः कधी फसलात का?

हो. पाडव्याची सहा किलो श्रीखंडाची ऑर्डर होती. नेहमीचं केशर संपलं होतं आणि वेळ नव्हता, म्हणून घराजवळच्या एका दुकानातून पाच ग्रॅमची डबी आणली. झाकणाला काच, काचेतून सुरेख गर्द काड्या दिसत होत्या. वरच्या काड्या मी वास घेऊन, चावून बघितल्या, खऱ्या निघाल्या. मग डबीतून लागेल तेवढं केशर चमचाभर दुधात घातलं आणि कामाला लागले. सकाळी उठून पातेल्यावरचं फडकं काढलं तर श्रीखंडात जागोजागी गुलाबी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक पांढरा दोरा. वरचा थर तेवढा केशराचा होता, खाली सगळे रंगवलेले केस.

ते सहा किलो मी कुणाला दिलं नाही. कुठला रंग पोटात जाणार होता ते मला ठाऊक नव्हतं. पुन्हा चक्का बांधून सहा घरांना दुसऱ्या दिवशी श्रीखंड पोचवलं, पण त्यांचा सण हुकला तो हुकलाच. तेव्हापासून कुठलीही डबी आणली की मी ती आधी पांढऱ्या कागदावर पूर्ण पालथी करते आणि तळातल्या काड्या तपासते. तुम्हीही हेच करा.

खायच्या सोड्याची परीक्षा खरी का?

मोबाइलवर फिरते तशी नाही. त्यात म्हणतात की सोड्याच्या पाण्यात खरं केशर पिवळं राहतं आणि नकली लाल होतं. लाल होते ती हळद. कुंकू करताना हळदीला चुना लावला की ती लाल होते, तोच हा गुण. म्हणजे केशर म्हणून विकलेल्या पावडरीत हळद असेल तर या परीक्षेत ती सापडेल. टार्ट्राझिन चढवलेले भुट्ट्याचे केस मात्र सोड्यातही पिवळेच राहतील आणि तुम्ही निश्चिंत होऊन बसाल.

मोगरा, लच्छा, नेगिन, सरगोल, पुशाल... काय घ्यावं?

काश्मिरी बाजारात मोगरा म्हणजे दांडी काढून टाकलेल्या निव्वळ लाल काड्या. लच्छा म्हणजे खाली थोडी पिवळी दांडी ठेवलेली. इराणी मालात नेगिन म्हणजे जाड, सरळ, अखंड लाल काड्या. सरगोल म्हणजे लालच, पण बारीक आणि तुटक. पुशाल म्हणजे लाल काडीला थोडी पिवळी शेपटी असलेली.

रंग आणि वास सगळा लाल भागात असतो. पिवळी दांडी म्हणजे भेसळ नव्हे, पण वजनात तिचे पैसे मोगऱ्याच्या भावानं देऊ नका. लच्छ्याची एक गोष्ट मला आवडते. लाल आणि पिवळं एकाच काडीत, एकातून दुसरं सहज उतरत गेलेलं दिसतं, ते नकली मालात जमवणं कठीण आहे. पहिल्यांदा केशर घेणाऱ्याला मी म्हणूनच लच्छा सुचवते. डोळ्यांना ओळख झाली की मग मोगऱ्याकडे वळा. पिवळं टोक एकसारखं रंगवलेलं, लाल रंगात बुडवून काढल्यासारखं दिसलं तर मात्र सोडून द्या.

काश्मिरी घ्यावं की इराणी? इराणी म्हणजे नकली का?

मुळीच नाही. जगातलं बहुतेक केशर इराणातच पिकतं आणि त्यातलं उत्तम केशर खरोखर उत्तम असतं. गैर आहे ते इराणी माल काश्मिरी म्हणून, काश्मिरीच्या भावानं विकणं. पांपोरचं केशर १,६०० ते १,८०० मीटर उंचीवरच्या करेवा नावाच्या पठारी जमिनीत होतं. त्याची काडी जाड, रंग काळपट लाल आणि वास दाट असतो. २०२० साली काश्मीरच्या केशराला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणून काश्मिरी म्हणून जास्त पैसे मोजायचे असतील तर पाकिटावर ती जीआयची खूण शोधा. पांपोरजवळ दुस्सूला केशराचं तपासणी आणि व्यापार केंद्र आहे, तिथून तपासून निघालेल्या मालावर ती असते.

दोन्ही केशरं समोर ठेवली तर मला वासावरून बऱ्याचदा फरक कळतो. पण घरच्या घरी बशीतल्या पाण्यात काश्मिरी आणि इराणी ओळखता येतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आमचं केशर खरं आहे, पण वासच नाही. असं का?

कारण खरं असणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशरात तीन महत्त्वाची द्रव्यं: रंग देणारं क्रोसिन, कडूपणा देणारं पिक्रोक्रोसिन आणि वासाचं सॅफ्रनाल. ताज्या फुलातल्या काडीला वास जवळजवळ नसतोच. वाळवताना पिक्रोक्रोसिनमधून सॅफ्रनाल तयार होतं. म्हणजे वाळवण बिघडलं की वासही बिघडला. पुढे उजेडानं रंग उडतो, उघड्या डबीतून वास उडतो. काचेच्या कपाटात, वर दिवा लावून मांडलेली डबी दिसायला कितीही देखणी असली तरी मी तिच्याकडे वळत नाही. मागच्या अंधाऱ्या कपाटातली काढून द्या म्हणते.

चांगल्या केशराला मधासारखा, थोडा सुक्या गवतासारखा वास येतो. नुसता गोड, अत्तरासारखा वास डबी उघडताच अंगावर आला तर वरून एसेन्स मारलं असण्याची शक्यता धरा. जुनं केशर तांबूस-तपकिरी पडतं, ठिसूळ होतं आणि हाताला भुसा लागतो.

प्रयोगशाळेत या तिन्ही द्रव्यांचं मोजमाप होतं. आयएसओ ३६३२ या मानकात पहिल्या प्रतीच्या केशराची रंगाची ताकद किमान २०० असावी लागते. काही विक्रेते मागितल्यावर तपासणीचा अहवाल दाखवतात. त्यात हा आकडा बघा.

आणखी एक, हंगामाचा हिशेब ठेवा. नवं पीक नोव्हेंबरात निघतं. कोजागरी त्याआधी येते. तेव्हा कोजागरीच्या मसाला दुधासाठी "यंदाचं ताजं केशर" कुणी दिलं तर ते मागच्या वर्षीचंच असतं. नीट ठेवलं असेल तर त्यात काही वावगं नाही, मात्र ताजं म्हणून वरचे पैसे द्यायचं कारण नाही. मी वर्षाची खरेदी संक्रांतीच्या सुमाराला करते. नवा माल बाजारात आलेला असतो आणि पाडव्यापर्यंत त्याचा वास शाबूत असतो.

किती भाव रास्त?

भाव हलता असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानलगतची अटारीची सीमा बंद झाल्यावर त्या वाटेनं येणाऱ्या अफगाणी केशराची आवक थांबली आणि काश्मिरी केशर किलोला पाच लाखांवर गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे ग्रॅमला पाचशे. दर कमीजास्त होतील, पण दीडशे फुलं, पहाटेची खुडणी आणि दिवसभराची मजुरी ग्रॅमला शंभर रुपयांत कुणाला परवडेल? इतकं स्वस्त मिळालं तर त्यात केशर किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. भाव जास्त आहे म्हणून माल खरा, असंही नाही. माझी ती पाच ग्रॅमची डबी स्वस्त नव्हती.

वजनही तपासा. जड काचेच्या, मखमली डब्यांत अर्धा ग्रॅमच असतो. सराफ्यात दिवसा सोनं तोलतात, तिथं ओळखीच्या सराफाकडे पाच मिनिटांत काटा लावून मिळतो. मी दोनदा लावून घेतलाय आणि एकदा एका ग्रॅमच्या जागी पाऊण ग्रॅम निघालं.

इंदूरला कुठून घ्यावं?

दुकानाचं नाव मी सांगत नाही, कारण आजचा चांगला माल उद्याही चांगलाच असेल असं कुणाचंही सांगता येत नाही. सियागंज आणि मारोठिया बाजारात मेवा-मसाल्याचे जुने व्यापारी आहेत, ते डबी फोडून दाखवायला कुरकुर करत नाहीत. पहिल्यांदा अर्धा किंवा एक ग्रॅम घ्या, घरी बशीत तपासा, पटलं तर त्याच लॉटमधलं उरलेलं घ्या. सणाच्या आदल्या दिवशी घाईत घेऊ नका.

पाकिटावर काय वाचायचं?

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक, पॅकिंगचा महिना, बॅच क्रमांक, निव्वळ वजन आणि मूळ देश. "केसर फ्लेवर", "केसरी रंग", "पूजेसाठी" असं बारीक अक्षरात कुठे लिहिलंय का ते डबी फिरवून बघा.

पूजेचं केशर श्रीखंडात चालेल का?

नाही. गंधासाठी म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुधा रंगवलेला तंतू असतो. देवाच्या कपाळाला लावा, पोटात नको.

पावडर घेतली तर सोयीचं पडेल का?

पावडरीत तुतारी दिसत नाही, म्हणून घेऊ नका. काड्या घ्या आणि घरी खलबत्त्यात चमचाभर साखरेबरोबर खला.

माळव्यात केशराची शेती होते म्हणे. बी विकत मिळतं, ते खरं का?

हा प्रश्न गावाकडे शेती असलेल्या नातलगांनी मला विचारलाय, म्हणून कळकळीनं सांगते. केशराला बी धरतच नाही. हे झाड वांझ आहे, त्याची लागवड कांद्यासारख्या कंदापासूनच होते. तेव्हा "अमेरिकन केसर" म्हणून जे बी विकतात ते करडईचं असतं. पीक जोमानं येतं, नारिंगी फुलं येतात, शेतकरी खूश होतो, आणि बाजारात नेल्यावर कळतं की ते केशर नाहीच. बी दाखवून केशर म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. काही जण आता बंद खोलीत, थंड हवा राखून कंदांपासून केशर घेतात. ते केशर खरं असतं, पण तो मोठ्या खर्चाचा कारभार आहे आणि त्याचा या बियांशी काही संबंध नाही.

बाहेरचं श्रीखंड, रबडी, शिकंजी पिवळीजर्द असते. ते केशरानं का?

केशरानं दुधाला इतका भडक रंग येत नाही. फिकट सोनेरी येतो आणि काडीच्या भोवती जरा गडद होतो. आपली इंदुरी शिकंजी दुधाची, दाट. तिच्यात खरं केशर असेल तर घोटाबरोबर वास येतो, रंग मात्र साधाच असतो. डबाबंद पदार्थावर आयएनएस १०२ लिहिलेलं असलं तर ते टार्ट्राझिन, ११० असलं तर सनसेट यलो. ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात त्यांना परवानगी आहे. माझ्या श्रीखंडाचा रंग फिका का, असं विचारणाऱ्याला मी हे सगळं सांगते आणि एक चमचा चाखायला देते.

खरं केशर घातलं तरी रंग उतरत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. क्रोसिन पाण्यात विरघळतं, तुपात नाही. शिऱ्यासाठी तूप तापल्यावर त्यात केशर टाकलं तर काड्या करपतात आणि रंग त्यांच्यातच राहतो. एका पळीत केशर घेऊन ती गरम तव्यावर क्षणभर धरा, काड्या कुरकुरीत झाल्या की साखरेबरोबर खला आणि दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास ठेवा. उकळतं दूध नको, त्यानं वास उडतो. आमच्या आजेसासूबाई सहाणेवर दुधाच्या थेंबात उगाळायच्या आणि सहाण धुतलेलं दूधही पातेल्यात ओतायच्या, थेंब वाया जाऊ द्यायच्या नाहीत. एक किलो श्रीखंडाला मी साधारण पन्नास काड्या घेते, म्हणजे ग्रॅमचा नववा हिस्सा. त्याहून जास्त घातलं की श्रीखंड कडवटतं.

केशर कसं ठेवावं?

घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या लहान डबीत, अंधारात, गॅसपासून लांब. काचेची असेल तर कागदात गुंडाळा. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात ओट्यावरच्या फडताळात ठेवू नका. फ्रिजमध्येही ठेवू नका. आत-बाहेर करताना डबीत दव धरतं आणि पावसाळ्यात तर बुरशीच येते. ओला चमचा घालायचा नाही. अशी ठेवली तर दोन वर्षं टिकते, पण पहिल्या वर्षात संपवा.

गरोदरपणी केशर घेतलं तर बाळ गोरं होतं का?

नाही. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, दुधातल्या केशरानं बदलत नाही. मुलींच्या मागे लागून रोज केशर-दूध पाजणाऱ्या सासवांना, आयांना माझं हात जोडून सांगणं आहे की ही समजूत सोडा. स्वयंपाकात दोन-चार काड्या चालतात. पण केशर ग्रॅमच्या हिशेबात पोटात गेलं तर गर्भाशय आकुंचन पावून गर्भाला धोका पोचू शकतो, म्हणून औषध समजून घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि या दिवसांत नकली केशराचा रंग पोटात जाणं तर सगळ्यात वाईट. डबी तपासल्याशिवाय गरोदर बाईला केशर देऊ नका.

इतकं करूनही शंका राहिली तर?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मधल्या ४०व्या कलमानं ग्राहकाला स्वतः नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. त्यासाठी खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासून घेणार आहे. शुल्क आपण भरायचं. माल दोषी निघाला तर ते परत मिळतं. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर तक्रारही नोंदवता येते. शहरात अन्न विभागाची चलित प्रयोगशाळा, म्हणजे तपासणीची गाडी फिरते. ती तुमच्या भागात आली तर रंगाची प्राथमिक तपासणी जागेवर होते.

बिल जपून ठेवा, डबी आणि उरलेलं केशर फेकू नका. मी माझ्या वेळी रागाच्या भरात सगळं फेकून दिलं होतं, आणि दुकानदारासमोर दाखवायला हातात काही उरलं नाही.